लुसी, ते लाकूड सागाचं होतं

लुसी,

तुला मातीत ठेवून आम्ही टेकडी उतरत होतो, तेव्हा एक बाई मागे रेंगाळली. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिनं तुझ्यावरची चिमूटभर माती उचलली आणि पदराच्या टोकाला बांधली. घरात कुणीतरी आजारी असावं. मी वळून पाहिलं आणि पुढे चालू लागले. तू असतीस तर गप्प बसली नसतीस. "ताप कवापास्नं हाय? दवाखान्यात दावलंस का?" असं तिच्याच बोलीत विचारलं असतंस, आणि माती तिथल्या तिथे झाडायला लावून तिला सोबत घेऊन उतरली असतीस.

कोयनानगरात तुझ्याबद्दल आता काय काय सांगतात ते ऐकवत नाही. तुझा हात लागला की ताप उतरायचा म्हणे. भूकंपात सगळी कॉलनी पडली, पण तुमच्या घराला तडासुद्धा गेला नाही म्हणे. तो तडा तू स्वतः मला दाखवला होतास, त्यात बोट घालून. म्हणाली होतीस, "पद्मा, हा बघ आमचा चमत्कार. बोटभर रुंद आहे." म्हणून मी हे लिहायला बसले. लोकांनी तुला देव्हाऱ्यात बसवायच्या आत, तू खरी कशी होतीस ते एकदा तुझ्याशीच बोलून घ्यावं म्हणते.

आपली ओळख मुळात झाली ती तुझ्या सरळ बोलण्यामुळेच. मिरजेच्या दवाखान्यात माझं अपेंडिक्स काढलं होतं. टाके काढायच्या दिवशी आई, मावशी, वॉर्डातल्या मोठ्या नर्सबाई, सगळ्याजणी मला समजावत होत्या की काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं. तू तेव्हा शिकाऊ होतीस. ट्रे घेऊन आलीस आणि म्हणालीस, "दुखेल. पण फार वेळ नाही. ओरडावंसं वाटलं तर ओरडा, मी बाहेर कुणाला सांगणार नाही." मी ओरडले. तू खरंच कुणाला सांगितलं नाहीस.

पुढे तू सांगलीला आमच्या घरी येऊ लागलीस. माझी आई कडक जैन. कांदालसूण नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही, आणि तुझ्यासाठी वेगळा कप फळीवर पालथा घातलेला. तो कप तुला पहिल्याच दिवशी कळला. तू रागावली नाहीस, रुसलीही नाहीस. चहा झाल्यावर म्हणालीस, "काकू, माझा कप मीच विसळून ठेवते. कुठला ते माझ्या लक्षात आहे."  पुढच्या खेपेला तो कप फळीवर नव्हता, सगळ्या कपांत मिसळला होता. मग तुला कोयनेच्या दवाखान्यात नोकरी लागली, मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले. तू पाटण, कराड करत एसटीनं यायची म्हटलं की आईच मला घाई करायची, "लवकर कणीक मळ. लुसी येईपर्यंत दिवस मावळेल, पोरगी उपाशी राहील." तुला कुठलं आलं होतं दिवस मावळायचं बंधन. पण आमच्या घरात तू ते पाळलंस, कधी न सांगता.

लाकडाबद्दल मला कळलं ते मी पहिल्यांदा कोयनेला आले तेव्हा. तुझे वडील धरणाच्या कामावर फिटर होते, वसईहून आले ते तिथलेच झाले. मी आले तोवर ते गेले होते. घरात तू आणि मावशी. तुझ्या आईला मी पहिल्यापासून मावशीच म्हटलं. भिंतीवर येशूची तसबीर, तिच्याखाली कोनाड्यात एक चांदीची डबी. रुपयाएवढी, वर काच, आत काळपट काडीचा तुकडा, नखाएवढा. मावशींनी ती माझ्या हातात दिली तेव्हा डोक्यावरून पदर घेतला. येशूला ज्या क्रुसावर खिळलं त्याचं लाकूड, त्या म्हणाल्या. वसईला प्लेगची साथ आली तेव्हा त्यांच्या आजोबांनी एका परक्या मुलखातल्या पाद्रीची शेवटची सेवा केली होती. जवळ जायला कुणी धजत नव्हतं. मरताना त्यानं गळ्यातली ही डबी काढून आजोबांना दिली. एवढंच. कागद नाही, मोहोर नाही, साक्षीदार नाही. तीन पिढ्यांच्या बायकांनी ती सांभाळली.

भूकंप झाला तेव्हा मावशी ही डबी मुठीत धरून दारात उभ्या होत्या. शेजारची घरं बसली, तुमच्या घराचं छप्पर राहिलं. तेवढं पुरलं. आधी कॉलनीतले चारदोन ख्रिस्ती लोक यायचे, गोव्याकडचे, केरळातले. नंतर आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं यायला लागली. नारळ घेऊन, उदबत्ती घेऊन, आजारी पोरं पाठीशी बांधून. "शिस्टरबाईच्या घरचं लाकूड लय जागृत हाय." मावशी तांब्यात पाणी घ्यायच्या, डबी त्यात बुडवायच्या, प्रार्थना म्हणायच्या आणि पाणी द्यायच्या. दर रविवारी ओसरीवर माणसं बसलेली.

मी तेव्हाच तुला विचारलं होतं, "दिवसभर दवाखान्यात औषधं देतेस आणि घरी हे चालतं. तुला खटकत नाही?"

तू म्हणालीस, "खटकतं. पण वडील गेल्यावर आई दोन वर्षं कुणाशी बोलत नव्हती. आता रविवारी सकाळी उठून केस विंचरते, लोकांची चौकशी करते. पाण्यानं कुणाचं काही बिघडत नाही. असू दे."

असू दे म्हणालीस, आणि ते हौसाबाईच्या सखूपर्यंत चाललं.

सखू तेव्हा दहाअकरा वर्षांची असेल. डोंगराच्या पलीकडच्या वाडीतली. तिला फिट्स यायच्या. लोकांनी वाऱ्याचं, बाहेरचं, सगळं करून पाहिलं होतं. तूच तिला डॉक्टरांपुढे उभी केलीस, गोळ्या सुरू केल्यास, हौसाबाईला दहादा बजावलंस की रोज द्यायच्या, बरं वाटलं तरी द्यायच्या. पोरगी चांगली झाली. शाळेत जायला लागली. मग हौसाबाई एका रविवारी तुमच्या ओसरीवर आली, मावशींकडून पाणी घेऊन गेली, आणि घरी जाऊन गोळ्या बंद केल्या. आता देवाचं पाणी घेतलंय, वर औषध दिलं तर देवावर अविश्वास होईल, असं तिला वाटलं. यात तिचं तरी काय चुकलं. मनापासून मानणारं माणूस असंच करणार.

सखूला फिट आली ती चुलीपुढे भाकरी भाजताना. उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

हौसाबाई तिला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरून आली तेव्हा दवाखान्यात तू होतीस. हे सगळं तू मला नंतर सांगितलंस, अगदी सपाट आवाजात. आधी तू तिचा हात धुतलास, मलम लावलंस. पट्टी झाल्यावर विचारलंस, "गोळ्या चालू होत्या ना?"

हौसाबाई म्हणाली, "न्हाई बाई. तुमच्याच घरचं पाणी दिलं की."

तुमच्याच घरचं. हे दोन शब्द तू मला सांगलीत सांगितलेस, पुन्हा काही दिवसांनी सांगितलेस, आणि पुढेही अधूनमधून सांगत राहिलीस. हौसाबाईच्या बोलण्यात राग नव्हता, आरोप नव्हता. तिला वाटलं तुला बरं वाटेल.

त्यानंतरच्या सुट्टीत तू डबी घेऊन माझ्याकडे आलीस. कॉलेज बंद होतं. शिपायाकडून किल्ली घेऊन मी प्रयोगशाळा उघडली. तू टेबलावर रुमाल पसरलास आणि डबी त्यावर ठेवलीस.

"हे कशाचं लाकूड आहे ते सांग."

मी म्हटलं, "लुसी, पाणी द्यायचं बंद कर. तेवढं पुरे आहे. हे कशाला?"

तू म्हणालीस, "मी बंद करीन. आई माझ्यामागे चालू करील. मी लोकांना काय सांगू? हे खरं आहे पण घेऊ नका? खरं असेल तर घेऊ नका म्हणणारी मी कोण? आणि खरं नसेल तर हे घरात का आहे? मला आधी कळू दे माझ्या हातात काय आहे."

साताऱ्याहून महिन्यातून एकदा मिस्सेच्या प्रार्थनेला येणाऱ्या फादरना तू आधीच विचारून आली होतीस. भला माणूस. त्यांनी तुला सांगितलं होतं की अशी लाकडं जगभर आहेत, सगळी खरी नसतील, पण म्हाताऱ्या आईचा विश्वास दुखवू नकोस. विश्वासाला पुरावा लागत नाही. तू त्यांना म्हणाली होतीस, "विश्वासाला नाही लागत फादर. औषधाला लागतो. लोक हे औषध म्हणून घेतात."

डबीची कड मेणानं बंद होती. तूच ती बँडेज कापायच्या कात्रीच्या टोकानं सोडवलीस.  तीन पिढ्यांनी जपलेल्या वस्तूवर ब्लेड चालवायचं माझ्या जिवावर आलं होतं. आमच्याकडे देवळातल्या मूर्तीला आंघोळीशिवाय हात लावत नाहीत. मी थांबले तेव्हा तू म्हणालीस, "भाजलेल्या हातावरची कातडी मी काढली, पद्मा. तुला एवढं जमेल."

मी तुकड्याचं टोक पाण्यात उकळून मऊ केलं आणि केसाएवढी चकती काढली. काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पाहिल्याबरोबर कळलं, तरी मी कपाटातल्या पट्ट्या काढून शेजारी ठेवून ताडून पाहत बसले. तू खिडकीशी उभी होतीस, पाठ करून. मैदानात कुणीतरी पोरं क्रिकेट खेळत होती.

मी म्हटलं, "साग."

"नक्की?"

"साग नक्की. तो भोकांचा वर्तुळासारखा पट्टा दुसऱ्या झाडाला असा नसतो. आणि उकळताना वास आला तोही सागाचाच."

"येशूच्या देशात साग होतो?"

"नाही. आपल्याकडे होतो, ब्रह्मदेशात होतो. तिकडे नाही."

तू स्टुलावर बसलीस. मी तुला पाणी दिलं. आणि मग मला जे वाटलं ते मी बोलले, आपला सगळा वाद तिथून सुरू झाला. मी म्हटलं, "पण लुसी, सागाची निर्यात फार जुनी आहे. तुमच्या वसईशेजारच्या सोपाऱ्याहून गलबतं भरून लाकूड अरबांच्या मुलखात जायचं, पार मिसरपर्यंत. तिकडे कुणी सागाची तुळई वापरलीच नसेल असं मला म्हणता येणार नाही. मी एवढंच सांगू शकते की हा साग आहे. हे ते लाकूड नाही, असं मी सांगू शकत नाही."

तू माझ्याकडे बघून हसलीस. त्या दिवसातली पहिलीच वेळ. "म्हणजे आमच्याच गावचं लाकूड गलबतानं गेलं, क्रूस झालं आणि फिरून आमच्याच गावी आलं?"

"कदाचित."

"तुम्हा जैनांचं हे 'कदाचित' फार सोयीचं आहे."

"सोयीचं नाही. प्रामाणिक आहे."

"असेल. पण पद्मा, तुझं कदाचित डोंगर चढून हौसाबाईच्या घरी पोचेपर्यंत त्याचं नक्की होतं."

 तुझं हे खरं होतं, लुसी, आणि तरीही मला वाटतं की मी बरोबर होते. मुंबईला लाकडाचं वय काढणारी माणसं आहेत, मी त्यांना विचारते, असंही मी म्हटलं. त्यासाठी तुकडा जाळावा लागतो हे कळल्यावर तू नको म्हणालीस. "भाजायचं तेवढं भाजून झालंय."

पुढच्या रविवारी तू मला कोयनेला बोलावलंस. कुणी विचारलं तर सांगायला. मी आदल्या दिवशीच आले. तू मावशींना काहीच लपवलं नाहीस. संध्याकाळी चहा पिताना सगळं सांगितलंस. त्यांनी सागाचं ऐकलं आणि मान हलवली, जणू कुणी परक्याची गोष्ट सांगतंय. मग एकच विचारलं, "कापलंस?"

"हो. केसाएवढं."

मावशी उठून आत गेल्या.

सकाळी ओसरीवर माणसं जमली. तू नर्सचा पांढरा गणवेश घालून बाहेर आलीस, सुट्टी असून. डबी हातात. मला वाटलं होतं तू भाषण करशील. तू दवाखान्यात सूचना देतेस तशी बोललीस. म्हणालीस, "हे लाकूड मी सांगलीला तपासून आणलंय. या बाईंनी तपासलंय, या कॉलेजात शिकवतात. हा साग आहे. येशूच्या देशात साग होत नाही. म्हणजे हे ते लाकूड नव्हे. याच्या पाण्यानं कुणी बरं होत नाही. सखूचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आजपासून इथं पाणी मिळणार नाही. ज्यांना त्रास आहे त्यांनी माझ्याबरोबर दवाखान्यात चला, आज मी तिथं आहे."

"हे ते लाकूड नव्हे" या वाक्याला मी मनात अडखळले. तेवढं मी तुला सांगितलं नव्हतं. तुला ते माहीत होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी पुढे होऊन दुरुस्ती करते की काय याची वाट पाहिलीस. मी केली नाही. करायला हवी होती का, यावर आपण नंतर किती भांडलो.

 मग एक म्हातारे गवळीआबा काठी टेकत उठले. ते दर रविवारी यायचे, गुडघ्यांसाठी. म्हणाले, "बाई, साग तर साग. आमच्या देवाचा धोंडा तरी कुठनं आलाय? ह्याच डोंगरातला हाय की. म्हून काय त्यो देव न्हाई व्हय?"

लुसी, त्या माणसाचं बोलणं मला माझ्या सूक्ष्मदर्शकापेक्षा खोल वाटलं. मला वाटलं आता तू हरलीस. तू पायरी उतरून त्यांच्याजवळ गेलीस. तुझा आवाज एकदम खाली आला.

"आबा, धोंड्याला नमस्कार करू नका असं मी म्हणत न्हाई. ह्याला बी करा. मी बी करीन. पण तुमचा धोंडा तुमाला गोळ्या बंद कर म्हणतो का?"

"न्हाई म्हणत."

"हे म्हणायला लागलं हुतं. म्हणून ह्याला गप बसवलंय."

आबांनी काठी उचलली. मग म्हणाले, "चला. गुडघं दावतो." आणि तुझ्यामागून दवाखान्याकडे चालू लागले. त्यांच्यामागून आणखी काहीजण. सगळे नाही. पुष्कळजण तसेच उठून घरी गेले, आणि त्यातले काही पुन्हा कधी तुझ्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. हे तू मला स्वतः सांगायचीस, कुणी तुझं कौतुक करायला लागलं की हटकून. "काही लोक आले नाहीत. त्यांचं काय झालं मला माहीत नाही."

त्यानंतरचं वर्ष तुला फार जड गेलं. कॉलनीतल्या तुमच्याच कॅथलिक लोकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. मिरजेच्या मिशनात शिकली, असल्या लाकडांना न मानणारी प्रोटेस्टंट होऊन आली, असं म्हणू लागले. फादर तेवढे आधीसारखेच येत राहिले, पण प्रार्थनेला तुझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. मावशी भावाकडे वसईला निघून गेल्या. डबी मात्र नेली नाही. "तिची झाली ती आता. फोडली तिनंच," म्हणाल्या. त्या वर्षी नाताळला तू एकटी होतीस म्हणून मी आले. तू माझ्यासाठी कांदा न घालता पुलाव केलास आणि दिवस मावळायच्या आत वाढलास. जेवताना रडलीस. मी तुला रडताना तेव्हाच पाहिलं. "मी लोकांना खरं सांगितलं याचं दुःख नाही," म्हणालीस. "आईला विचारून कापायला हवं होतं. ती नाही म्हणाली असती, तरी मी कापलंच असतं. पण विचारायला हवं होतं."

नंतर तू वसईला गेलीस. डबी नेलीस आणि माझ्याकडून ती काचपट्टीही मागून नेलीस, चकती चिकटवलेली. कपाटातून काढून देताना मी हसले होते, तू नाही. दोन्ही तू मावशींच्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, "हे सगळं तुझं आहे. कापलेलंही आणलंय. गळ्यात घाल, कोनाड्यात ठेव, मुका घे. फक्त दुसऱ्याच्या पाण्यात बुडवायचं नाही." मावशींनी काचपट्टी उजेडाकडे धरून पाहिली. त्यावरचा ठिपका त्यांना दिसलाच नाही. "कुठाय?" म्हणाल्या. तू बोटानं दाखवलास. "एवढंच होय," त्या म्हणाल्या, आणि तुझ्याबरोबर कोयनेला परत आल्या. मला वाटतं त्यांनी इतके दिवस बरंच मोठं काहीतरी कापलं गेल्याचं मनात धरलं होतं.

आपला वाद राहिला तो राहिलाच. मी दर भेटीत म्हणायचे, तू माहीत होतं त्यापेक्षा एक वाक्य जास्त बोललीस. तू म्हणायचीस, ते वाक्य नसतं तर बाकीची कुणी ऐकली नसती. मी म्हणायचे, खऱ्यासाठीसुद्धा थोडं खोटं चालत नाही. तू म्हणायचीस, ते खोटं नव्हतं, तो माझा निर्णय होता. "पद्मा, तू झाडाचं सांगितलंस, मी माझ्या घरचं सांगितलं." यंदा पावसाळ्यात तू येशील तेव्हा मी तुला नवं काहीतरी म्हणणार होते. काय, ते आता सांगून उपयोग नाही. उत्तर द्यायला तू नाहीस, आणि तुझ्या उत्तराशिवाय माझं म्हणणं मला अपुरंच वाटतं.

एक मात्र मी तुला कधी विचारलं नाही. त्या लाकडाला तू स्वतः काय मानत होतीस?

मिरजेला तुझ्या काविळीनं शेवटचं वळण घेतलं तेव्हा मावशींनी डबी तुझ्या उशाखाली ठेवली. माझ्यासमोर. मला वाटलं तू काढायला लावशील. तुला कळलं होतं, तुझे डोळे उघडे होते. तू मावशींकडे पाहिलंस आणि मग हात उशाखाली घातलास आणि तिथेच ठेवलास. आईचं मन राखलंस की आणखी काही, ते तुझं तुला माहीत. मी विचारलं नाही. ज्या बाईनं सगळ्यांना सगळं सांगितलं, तिच्याजवळ एवढं एक न सांगितलेलं असू दे.

पेटी बंद करायच्या वेळी मावशी डबी हातात घेऊन उभ्या राहिल्या. सोबत ठेवावी की नाही, त्यांना कळेना. फादर म्हणाले, तुम्हाला वाटेल तसं करा. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच ठरवा." त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मग डबी आपल्या गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "नको. ती म्हणाली असती, पेटीत लाकूड काय कमी आहे?"

लुसी, आम्ही दोघी तिथं हसलो. लोक पाहत होते. तुझ्या आईला एवढं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि हसता हसता तिनं माझा खांदा असा धरला की अजून दुखतो.

सातव्या दिवसाच्या मिस्सेला मी पुन्हा कोयनेला गेले. दुपारी ओसरीवर बसलो होतो तर हौसाबाई आली, बरोबर सखू. पोरगी केवढी उंच झालीय. हौसाबाई मावशींच्या गळ्यात पडून रडली. सखू रडली नाही. माझ्याजवळ बसून म्हणाली, "माझं लगीन ठरलंय."

मी म्हटलं, "कुठं?"

"रहिमतपूरकडं. पोरगा मिलिटरीत हाय."

मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं. पाहुणे बघायला आले तेव्हा मामानं बजावलं होतं की फिटचं काही काढायचं नाही, आता तीन वर्षांत आली नाही, कशाला सांगायचं. पोहे झाले, नाव विचारून झालं, शिक्षण विचारून झालं. मग पाहुण्यांनी म्हटलं, पोरीला काही विचारायचं असेल तर विचारू दे. सखू म्हणाली, "मला इचारायचं न्हाई. सांगायचं हाय." आणि सगळं सांगितलं. फिट कशा येतात, हात कशानं भाजला, गोळी रोज घ्यावी लागते आणि कदाचित जन्मभर घ्यावी लागेल. मामा उठून अंगणात गेला. पाहुण्यांतली म्हातारी तोंडाला पदर लावून बसली.

"मग?" मावशींनी विचारलं.

"मग त्यो बोलला," सखू म्हणाली. "तवर एक अक्षर बोलला न्हवता. म्हणाला, गोळीचं नाव काय? मी सांगितलं. तर म्हणाला, पुन्हा सांग, आमच्या मिलिटरीच्या दवाखान्यात मिळती का बघतो."

 मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग सखू मला म्हणाली, "शिस्टरबाईस्नी सांगायचं हुतं. आमी मिरजेला निघालो बी हुतो. कराडला कळलं."

लुसी, पाहुणे आले त्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतीस. ही बातमी तुझ्यापर्यंत पोचायला निघाली होती, कराडपर्यंत आली होती. म्हणून मी सांगते. त्या पोरानं गोळीचं नाव विचारलं. दोनदा.